तोडगा की शिस्त? पोकरच्या टेबलावर सारखेच दिसणारे दोन प्रकार

एकाच टेबलावरचे दोन खेळाडू सांगून ठेवतात, 'ती खुर्ची रिकामी झाली की मला द्या.' पहिल्याचं म्हणणं असं, की ही खुर्ची आपल्याला लाभत नाही, बसल्यापासून एक धड पान आलेलं नाही. दुसऱ्याच्या डाव्या हाताला मात्र उठसूट पैसे वाढवणारा एक आक्रमक गडी बसलाय. पोकरमध्ये पाळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, त्यामुळे त्याला आधी बोलावं लागतं आणि तो गडी नंतर दणका देतो. खुर्ची बदलून तो गडी उजवीकडे आला, की आधी त्याची चाल दिसणार आणि मग आपण ठरवणार. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांत काही फरक दिसत नाही. पण पहिल्याचा तो तोडगा आहे आणि दुसऱ्याची ती शिस्त.

फरक ओळखण्यासाठी मी एकच प्रश्न विचारतो: ही कृती काम कशावर करते? पिसलेल्या कॅटवर की खेळणाऱ्यावर? कॅटवर काम करते असा दावा असेल तर तो तोडगा, मग तो करणारा कितीही मोठा खेळाडू असो. 52 पत्त्यांतून हातात येऊ शकणाऱ्या दोन पानांच्या जोड्या 1,326 आहेत आणि त्यांत एक्क्यांची जोडी फक्त 6 प्रकारे येते, म्हणजे सरासरी 221 डावांत एकदा. खुर्ची कुठलीही असो, शर्ट धुतलेला असो की कालचाच, या आकड्याला त्याचं सोयरसुतक नसतं.

हातातल्या पत्त्यांवर ठेवायच्या वस्तूचंच बघा. नाणं, दगड, छोटी मूर्ती, काहीही असतं. तिला कार्ड गार्ड म्हणतात आणि मुळात ती अगदी रोकड्या कामाची आहे. आपले पत्ते सांभाळणं ही खेळाडूचीच जबाबदारी असते. ते मोकळेच पडून राहिले आणि टाकून दिलेले समजून पत्ते वाटणाऱ्या डीलरने गोळा केले, तर सहसा दाद मागता येत नाही. वर काही जड ठेवलं की ही भानगड टळते. 2004 साली पोकरच्या वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा जिंकणारा ग्रेग रेमर यासाठी जीवाश्म वापरायचा, त्यावरूनच त्याला 'फॉसिलमॅन' हे नाव पडलं. त्याच्या जागी दुसरा दगड ठेवला असता तरी पत्ते तेवढेच सुरक्षित राहिले असते. ज्याला 'माझाच' दगड लागतो आणि तो घरी राहिला म्हणून हात थरथरतो, त्याचा कार्ड गार्ड केव्हाच तोडगा झालेला असतो.

जॉनी चॅनचं संत्रंही याच जातीचं. 1987 आणि 1988 ची मुख्य स्पर्धा लागोपाठ जिंकणारा चॅन टेबलावर संत्रं घेऊन बसायचा. तेव्हा खेळाच्या खोल्या सिगारेटच्या धुराने भरलेल्या असत, म्हणून तो संत्र्याचा वास घ्यायचा. इतपत सरळ कारण होतं. पण तो जिंकतोय म्हटल्यावर इतरांनीही फळं आणायला सुरुवात केली. त्यांनी संत्रं उचललं, धुराचं कारण मागेच राहिलं. बहुतेक तोडगे असेच जन्मत असावेत.

सगळ्यांत महागडा प्रकार मात्र 'लाभी पानां'चा, आणि त्याचं मूळ एका खऱ्या योगायोगात आहे. डॉयल ब्रन्सनने 1976 ची आणि 1977 ची मुख्य स्पर्धा जिंकली. दोन्ही वर्षी शेवटच्या डावात त्याच्या हातात दश्शी आणि दुर्री होती, आणि दोन्ही वेळा टेबलावर सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पाच पानांतल्या शेवटच्या पानावर दश्शी येऊन फुल हाउस झालं, म्हणजे एकाच किमतीची तीन पानं आणि दुसऱ्या किमतीची दोन. आजही या जोडीला त्याचंच नाव आहे. 1976 चा डाव जरा जवळून पाहू. समोर जेसी अल्टोकडे एक्का-गुलाम. फ्लॉपवर, म्हणजे त्या पाचांतल्या पहिल्या तीन पानांत, एक्का, गुलाम आणि दश्शी उघडली, म्हणजे अल्टोच्या दोन जोड्या तयार आणि ब्रन्सनकडे फक्त दश्श्यांची जोडी. चौथं पान दुर्री. आता ब्रन्सनच्याही दोन जोड्या झाल्या, पण अल्टोपेक्षा लहान. उरलेल्या 44 पत्त्यांतले त्याला वाचवणारे फक्त 4: दोन दश्श्या, दोन दुर्र्या. म्हणजे अकरात एक संधी होती आणि दश्शी आली.

गोष्ट म्हणून झकासच आहे. पण अकरातल्या उरलेल्या दहा वेळा काय झालं असतं, ते कुणी सांगत बसत नाही, आणि तोडग्याचं सगळं भांडवल या गप्प राहण्यावरच उभं असतं. दश्शी-दुर्री साधारण 83 डावांत एकदा येते. दरवेळी 'डॉयलचा हात' म्हणत पैसे लावणारा माणूस एरवी फेकून द्यायच्या पानांवर चिप्स उधळत राहतो. संत्र्याचा खर्च निदान एका फळापुरता असतो.

'पण तोडग्याने आत्मविश्वास येतो, तेवढं तर मान्य कराल?' असं हमखास विचारलं जातं. यावर 2010 मध्ये जर्मनीत झालेला एक प्रयोग गाजला होता. गोल्फचा चेंडू देताना काहींना 'हा लकी आहे' असं सांगितलं. त्यांनी 10 पैकी सरासरी 6.42 चेंडू भोकात घातले आणि ज्यांना तसं सांगितलं नव्हतं त्यांनी 4.75. मात्र 2014 मध्ये इतर संशोधकांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग केला, तेव्हा हा फायदा दिसला नाही. शिवाय चेंडू मारणं हे हाताचं कसब आहे. पोकरमध्ये फाजील आत्मविश्वासाने माणूस टाकायचा डाव टाकत नाही, ही वेगळीच डोकेदुखी.

शिस्तीचा फायदा दाखवायला असा प्रयोग लागत नाही. आपली पाळी येईपर्यंत पत्ते न उचलणारे खेळाडू असतात. त्यांच्यातला एखादा 'लवकर बघितलं की पान बिघडतं' म्हणून थांबतो. दुसरा थांबतो तो तेवढ्या वेळात बाकीच्यांचे चेहरे आणि हात बघता यावेत म्हणून. आपण आपले पत्ते पाहिलेच नसतील, तर आपल्या चेहऱ्यावरून कुणाला काही कळणार तरी काय? प्रत्येक निर्णयाआधी तेवढाच वेळ घेणं, चिप्स नेहमी एकाच पद्धतीने पुढे सरकवणं, यामागेही हेच गणित आहे. भारी पानांवर झटकन आणि ब्लफ करताना घुटमळत, असं होऊ लागलं की समोरचा ते वाचतो.

नवी कॅट मागणं आणि सगळे पैसे लावून झाल्यावर टेबलावरची उरलेली पानं दोनदा काढणं हेही एकाच पिशवीत टाकतात. खुणा पडलेला पत्ता वगळता नवी कॅट मागण्यात काही अर्थ नाही. दोनदा काढण्यात आहे, पण लोक समजतात तो नव्हे. एक्क्यांची जोडी विरुद्ध राजांची, दोघेही ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे. एक्केवाल्याची जिंकण्याची शक्यता सुमारे 82 टक्के. पॉटचे, म्हणजे डावात जमलेल्या पैशांचे, दोन भाग करून पानं दोनदा काढली तरी सरासरीने त्याच्या वाट्याला तेवढंच येतं. फक्त एका झटक्यात सगळं जाण्याचा धोका कमी होतो. 'दुसऱ्यांदा माझं नशीब उघडतं' म्हणणारा बरोबर कृती चुकीच्या कारणासाठी करतो आणि त्यात त्याचं काही बिघडत नाही.

उठून घरी जाण्याच्या बाबतीत मात्र कारण चुकलं की फटका बसतो. 'आज दिवसच वाईट आहे' म्हणून उठणारा पानांना दोष देतो. तोच माणूस 'आज हात चालतोय' वाटलं की पेंग येत असतानाही बसून राहतो. डोकं तापल्यावर उठणाऱ्याचं लक्ष स्वतःकडे असतं: मघाशी टाकून दिली असती अशी पानं आता आपण खेळतोय का, हरवणाऱ्या त्या एकाच माणसाच्या मागे लागलोय का. कधीकधी तो जिंकत असतानाही उठतो, कारण डोळे मिटायला लागलेत. आणि हरत असतानाही बसतो, कारण समोरचे त्याच्याहून कच्चे आहेत आणि त्याचा स्वतःचा खेळ अजून ताळ्यावर आहे.