घरी बांधलेले विमान आणि हवेत थांबणारे इंजिन : पार्श्वभूमी

कोल्हापूरचा उजळाईवाडी येथील विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ मध्ये सुरू झाला. पुढे शेतीची ऑइल इंजिने बनवणाऱ्या कारखान्यांनी शिवाजी उद्यमनगराला नाव मिळवून दिले. फाउंड्री, लेथ आणि इंजिनाचे कसबी कारागीर ज्या शहरात पावलोपावली भेटतात, तिथे स्वतः विमान बांधण्याचे स्वप्न पाहणारा तरुण निघणे स्वाभाविक आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची २०१७ मध्ये डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) नोंदणी झाल्यानंतर तर अशा स्वप्नाला आधारही मिळाला आहे. मात्र या छंदाचा जगभरातील इतिहास पाहिला, तर धोका केवळ इंजिनाच्या धातूत नसून इंजिनापर्यंत पेट्रोल, हवा आणि ठिणगी पोहोचवणाऱ्या जोडणीत अधिक दडलेला दिसतो, आणि ती जोडणी प्रत्येक बांधणारा आपल्या हाताने करतो.

सुरुवात मोटारीच्या इंजिनापासून झाली. अमेरिकेतील मिनेसोटाच्या बर्नार्ड पीटेनपोल यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस फोर्ड मॉडेल ए मोटारीचे इंजिन आपल्या लाकडी विमानाला बसवले, आणि पुढे युरोपात फोक्सवॅगनच्या इंजिनांवर अनेक छोटी विमाने उडाली. ही इंजिने स्वस्त आणि ओळखीची होती, पण प्रोपेलरचा ओढा आणि विमान वळताना क्रँकशाफ्टवर येणारा आडवा ताण मोटारीत कधीच येत नाही. शिवाय विमानाच्या प्रमाणित इंजिनात दोन मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारी यंत्रे) आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात, तर मोटारीच्या इंजिनात सहसा एकच व्यवस्था असते. नंतर आलेली ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीची दोन-स्ट्रोक इंजिने हलकी होती, तरी ती अचानक बंद पडू शकतात, असा स्पष्ट इशारा उत्पादकाच्याच पुस्तिकेत छापलेला असे. १९८९ च्या सुमारास आलेल्या रोटॅक्सच्याच चार-स्ट्रोक ९१२ इंजिनाने परिस्थिती बरीच सुधारली.

इंजिन चांगले असूनही काय होऊ शकते, हे १२ ऑक्टोबर १९९७ रोजी दिसले. गायक जॉन डेन्व्हर यांचे घरी बांधलेल्या प्रकारातील लाँग-ईझी विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत समुद्रात कोसळले. मूळ आराखड्यात इंधनाची टाकी बदलण्याचा व्हॉल्व्ह वैमानिकाच्या समोर होता. विमान बांधणाऱ्याने तो डाव्या खांद्यामागे बसवला होता आणि त्यावर कोणतीही खूण नव्हती. मागे वळून तो फिरवताना लक्ष विचलित झाले आणि विमानावरचा ताबा सुटला, असा निष्कर्ष अमेरिकेच्या अपघात चौकशी मंडळाने काढला. मला ही घटना या संपूर्ण विषयातील सर्वांत बोलकी वाटते, कारण विमानाचे मूळ आरेखन निर्दोष असतानाही बांधणाऱ्याच्या एका बदलाने उड्डाणातील जोखीम वाढवली.

त्याच मंडळाने २०१२ मध्ये घरी बांधलेल्या विमानांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. छोट्या खासगी विमानांत यांचा वाटा सुमारे १० टक्के होता, पण २०११ मधील अपघातांत तो १५ टक्के आणि प्राणघातक अपघातांत २१ टक्के निघाला. विमानावरचा ताबा सुटणे आणि इंजिनाची शक्ती जाणे ही दोन कारणे त्यात ठळक होती. म्हणूनच पहिल्या उड्डाणाआधी इंधनव्यवस्थेची प्रत्यक्ष चाचणी सक्तीची करावी, अशी शिफारस मंडळाने केली. चाचणी साधी आहे. नाक चढाईच्या कोनात वर उचलून कार्ब्युरेटरपाशी (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापाशी) येणारे पेट्रोल मोजायचे. पंपाने येणारे पेट्रोल पूर्ण शक्तीच्या गरजेच्या १२५ टक्के आणि पंपाशिवाय, केवळ गुरुत्वाने उतरून येणारे १५० टक्के असावे, असा प्रमाणित विमानांचा जुना दंडक आहे. १०० अश्वशक्तीच्या ९१२ ला पूर्ण शक्तीवर ताशी सुमारे २७ लिटर लागतात, म्हणजे पंपाचा प्रवाह ताशी ३४ लिटरच्या आसपास हवा.

कोल्हापुरात याला आणखी बाबी जोडाव्या लागतात. आपल्या उसापासूनच बनणारे इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असते, तर रोटॅक्स ९१२ ला १० टक्क्यांची मर्यादा आहे. इथेनॉल पाणी शोषते आणि जुने रबर व काही फायबर टाक्यांचे रेझिन खराब करते. पावसाळ्यातील दमट, २२–२४ अंशांची हवाही फसवी असते, कारण पेट्रोलच्या बाष्पीभवनाने कार्ब्युरेटरमधील तापमान २० अंशांहूनही अधिक उतरू शकते आणि थ्रॉटल कमी असताना आत बर्फ साचतो. उलट मे महिन्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंचीवरची आपली धावपट्टी ३७ अंश उष्णतेत ५,००० फुटांवरच्या धावपट्टीसारखी वागते आणि इंजिनाची शक्ती सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरते.

उड्डाणानंतर लगेच इंजिन थांबले, तर मागे वळण्याचा मोह होतो. हा मोह अनेकांच्या जिवावर बेतला आहे, कारण ४५ अंश कलून वळताना स्टॉलचा वेग (ज्याच्या खाली पंखांची उचल तुटते तो वेग) १९ टक्क्यांनी वाढतो आणि उंची झपाट्याने जाते. समोरच जागा शोधावी लागते. जमिनीपासून १,००० फुटांवरून असे विमान वारा नसताना जेमतेम अडीच-तीन किलोमीटर घसरत जाते, आणि आपल्याकडे त्या पट्ट्यात बांधांनी तुटलेली शेते, मोटारपंपांच्या वीजतारा, विहिरी आणि पुरुषभर उंचीच्या वर गेलेला ऊस असतो. गळीत हंगामात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, तोडणी झालेली शेते मोकळी होत जातात. इतर महिन्यांत तसे मोकळे रान कुठे मिळेल, हे वैमानिकाने उड्डाणाआधी स्वतः फिरून पाहिलेले असावे लागते.