वसईचा किल्ला : फेरीला येण्यापूर्वी वाचा

नाव नोंदवताना बहुतेक जण विचारतात, "चढ किती आहे?" चढ नाहीच. वसई म्हणजे तटबंदीच्या आत वसवलेलं शहर. आत चर्च, मठ, वाडे होते आणि फिरंगाणाचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या उत्तर कोकणातल्या मुलखाचा, कारभार इथूनच चाले.

1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली. हुमायून उरावर बसला होता, त्यामुळे त्याला दुसरा इलाजही फारसा नव्हता. पोर्तुगीजांनी मग बुरुजांची भक्कम तटबंदी उभारली. जागा बेरकीपणे निवडलेली : दोन-तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. फौजेला जमिनीवरून यायचं तर उत्तरेकडूनच.

म्हणून आम्ही फेरी चर्चपासून सुरू करत नाही (फोटोवाल्यांनी रागावू नये), आधी उत्तरेचा तट दाखवतो. 1739 मध्ये मराठ्यांनी पोर्तुगीजांना घातलेला वेढा इथेच लढला गेला. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, पण वसईचा पहिला हल्ला फसला. मग चिमाजी अप्पांनी आधी माहीम (पालघरजवळचं, मुंबईतलं नव्हे), केळवे, तारापूर घेऊन वसई एकटी पाडली. तारापूरला मराठी सरदार बाजी भिवराव रेठरेकर पडले. वसईला मोर्चे (वेढ्याचे खंदक) तटाच्या पायथ्याशी भिडले, बुरुजांखाली सुरुंग खणले गेले. मे महिन्यात ते उडवले, तेव्हा सगळे एकदम उडाले नाहीत. खिंडार पडलं म्हणून माणसं पुढे धावली आणि मागे राहिलेले सुरुंग त्यांच्याच अंगाखाली फुटले. मराठ्यांकडचे मेलेले-जखमी 5,000 वर गेले, असं जुन्या इतिहासांत येतं. तरी हल्ले थांबले नाहीत, आणि शेवटी पोर्तुगीजांनी तहाचं निशाण लावलं. शिबंदीला, म्हणजे किल्ल्यातल्या फौजेला, हत्यारांसह आणि बायकापोरांसह बाहेर जाऊ दिलं.

शेजारच्या मुंबईकर इंग्रजांनी पोर्तुगीजांना काय मदत केली? चर्चची चांदी आणि पितळी तोफा गहाण ठेवून 15,000 रुपये कर्ज दिलं!

त्याच इंग्रजांनी 1780 मध्ये वसईला वेढा घातला. जनरल गॉडार्डने लांब पल्ल्याच्या तोफांनी तट फोडला आणि डिसेंबरमध्ये किल्ला घेतला. सुटकेसाठी आलेले मराठी सरदार रामचंद्र गणेश दुगाडजवळ लढताना पडले, तेव्हा किल्ला हातचा गेलेला होता. 1782 च्या सालबाईच्या तहात वसई परत मिळाली, साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं बेट, मात्र इंग्रजांनी सोडली नाही. 1802 मध्ये दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तो याच वसईत. इथे एकही तोफ न डागता पेशवाईचं स्वातंत्र्य गेलं, आणि आमच्या मते ते 1780 पेक्षा मोठं नुकसान होतं.

फेरीला बंद बूट घाला, पाणी आणि टोपी आणा. पावसाळ्यात गवत माजतं, तेव्हा पायवाट सोडू नका. तटावर आणि पडक्या भिंतींवर चढायला आम्ही कोणालाही देत नाही. वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेकडून किल्ल्याकडे जायला रिक्षा मिळतात. भाडं आधी ठरवून घ्या.