शेवंती फुलत नाही? आधी रात्रीचा दिवा बघा

वर्षानुवर्षं टिकणारी फुलझाडं, म्हणजे बहुवर्षायू, लावायची म्हटलं की आपण नर्सरीत जातो आणि जे फुललेलं दिसेल ते उचलतो. ती फुलं सुकतात, पुढच्या वर्षी झाड हिरवंगार, पानं मस्त, पण कळीचा पत्ता नाही. मग खत टाक, पाणी वाढव हे सुरू होतं. खरंतर बरेचदा चूक खतापाण्याची नसतेच, निवडीची आणि जागेची असते, कारण बरीच झाडं फुलायच्या आधी कसल्यातरी इशाऱ्याची वाट बघत असतात आणि तो इशारा तुमच्याकडे मिळणार का हे झाड घ्यायच्या आधीच बघायला पाहिजे.

शेवंतीचंच घ्या. हिला फुलायला लांब रात्र लागते. ही भानगड पहिल्यांदा नीट कळली ती तंबाखूवरून. मेरीलँड मॅमथ नावाची एक जात उन्हाळ्यात नुसती उंच वाढत राहायची, फुलायची नाही, तेव्हा अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी झाडं रोज लवकर अंधारात न्यायला सुरुवात केली आणि ती भर उन्हाळ्यात फुलली. हे काम 1920 मध्ये छापून आलं. त्यामुळे वाटलं झाड दिवस किती लांब आहे ते मोजतं. पण 1938 मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम या तणावर दाखवून दिलं की मोजली जाते ती रात्र, आणि तीही सलग! दिवसा मध्येच अंधार केला तर काही बिघडत नाही, लांब रात्रीच्या मध्ये मात्र थोडा वेळ उजेड पडला तरी फूल येत नाही. पानांमध्ये फायटोक्रोम नावाचं प्रथिन असतं, लाल उजेड पडला की त्याचं रूप बदलतं, आणि झाडाच्या आतल्या घड्याळाशी त्याचा मेळ बसून रात्र किती लांब आहे ते पानाला कळतं.

म्हणून शेवंतीची कुंडी रात्रभर दिवा चालू असलेल्या गॅलरीत किंवा रस्त्यावरच्या लाईटखाली असेल तर ती फुलायचं टाळते, खत कितीही घाला. फुलांचा धंदा करणारे हेच मुद्दाम वापरतात, फूल लांबवायचं असेल तर मध्यरात्री लाईट लावतात आणि लवकर हवं असेल तर संध्याकाळी काळं कापड टाकतात.

आता रात्र मोजतं पान आणि फूल येतं शेंड्याला, मग निरोप जातो कसा? चायलाख्यान या रशियातल्या शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात शेवंतीवरच बघितलं, वरच्या भागाची पानं काढून टाकली, फक्त खालच्या पानांना लांब रात्र दिली, तरी वर फुलं आली. म्हणजे पानातून काहीतरी वर जातंय. ते काय, हे पक्कं व्हायला 2007 उजाडलं: एफटी नावाचं एक छोटं प्रथिन पानात तयार होऊन शेंड्यापर्यंत पोचतं. मला हे फार आवडतं, इतकी वर्षं लोक त्या एका गोष्टीच्या मागे होते.

दुसरा इशारा थंडीचा. पिओनी, ट्यूलिप यांना बरेच आठवडे चांगली थंडी लागते, ती नसेल तर फोटो कितीही सुंदर असू दे, माझं स्पष्ट मत आहे की त्यांच्या नादी लागू नका. अरेबिस अल्पिना या डोंगरी झाडात हे नीट समजलंय. त्याच्यात पीईपी1 नावाचा जीन, म्हणजे जनुक, फुलण्याला ब्रेक लावून धरतो, थंडीत तो ब्रेक सुटतो, आणि ऊब आली की परत लागतो, त्यामुळे तयार झालेले शेंडे फुलतात आणि बाकीचे तसेच पुढच्या वर्षासाठी उरतात. एका हंगामात मरणारं झाड सगळं बियांवर उधळून टाकतं, हे थोडं राखून ठेवतं. त्याचं टिकणं ते यातच आहे.

गुलाबाचं वेगळंच. पूर्वीच्या बऱ्याच जाती वर्षातून एकदाच फुलायच्या, आत्ताच्या बारमाही जातींमध्ये फुलणं थांबवणारा जीनच बिघडलेला आहे म्हणून त्या सारख्या फुलतात. त्यांना भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा मिळाला की बास. सुकलेलं फूल मात्र लगेच कापा, तसंच ठेवलं तर फळ धरतं आणि झाडाची ताकद बियांकडे जाते. कापताना बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर कापा. नत्राचं खत बेतानेच, नाहीतर नुसता पाला.

शेवंतीचा बहर संपला की फांद्या जमिनीजवळ कापा, थोड्या दिवसांत बुडाशी काश्या, म्हणजे नवे कोंब, फुटतात, त्या मुळांसकट वेगळ्या करून नव्या मातीत लावा आणि मधला जुना लाकडासारखा झालेला भाग सरळ काढून टाका. नवीन रोपं जरा वाढली की शेंडे खुडा, शेंड्यातून खाली येणारं आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवणारं ऑक्सिन नावाचं संप्रेरक कमी होतं आणि ते डोळे फुटून झुडूप भरतं. पण रात्री लांबायला लागल्या की खुडणं बंद करा, नाहीतर कळ्या धरणारे शेंडेच हातात येतील.