जुना वॉर्ड आणि आताचा प्रभाग: पुण्यात दोघांनाही 'वॉर्ड'च म्हणतात, पण हिशोब पार वेगळा

निवडणूक आली की पुण्यात एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आमचा वॉर्ड पहिल्यापासून अमक्या पक्षाचा." बोलणारा खोटं बोलत नसतो, फक्त तो ज्या वॉर्डाबद्दल बोलतोय तो 2012 लाच गेला. आता आहे तो प्रभाग, आणि तोंडाने दोन्हीला वॉर्डच म्हणायची सवय असल्याने जुने निकाल आणि नवे निकाल लोक एकाच पानावर मांडून बसतात.

आधी वॉर्ड. 2007 च्या महापालिका निवडणुकीत पुण्यात 144 वॉर्ड होते आणि 144 नगरसेवक. एक वॉर्ड, एक माणूस, एक बटण. 2001 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 25 लाखांच्या थोडी वर होती, म्हणजे वॉर्डाला सरासरी सतरा-साडेसतरा हजार लोक. एवढ्यात उमेदवार खरंच घरोघरी जाऊन येतो, चार गल्ल्या आणि दोन मोठी मंडळं हातात असली तरी सीट निघायची.

2012 ला दोन-दोन नगरसेवकांचे प्रभाग आले, 76 प्रभाग आणि 152 जागा. 2017 ला चारचे झाले, 41 प्रभाग आणि 162 जागा, कारण त्यातले दोन प्रभाग तीन सदस्यांचे होते. 2011 च्या 31 लाख लोकसंख्येला 41 ने भागा, एका प्रभागात 75 हजारांच्या वर लोक येतात. जानेवारी 2026 मध्येही प्रभाग 41 च, पण जागा 165 आणि हद्दी पुन्हा नव्या.

आता खरी गडबड कुठं होते तर, चार नगरसेवक निवडायचे म्हणजे सगळ्यात जास्त मतं घेणारे पहिले चार जिंकले असं कितीतरी जणांना वाटतं आणि ते चूक आहे. प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा असतात, प्रत्येक जागेचं आरक्षण वेगळं, उमेदवार वेगळे, निकाल वेगळा. म्हणजे एकाच प्रभागात एकाच दिवशी चार निवडणुका. समजा अ जागेवर दोघांतच लढत झाली आणि हरणाऱ्याला 14 हजार मतं पडली, ड जागेवर सहा जण उभे राहून मतं फुटली आणि जिंकणारा 11 हजारांत निघाला, तर 14 हजारवाला घरी आणि 11 हजारवाला सभागृहात. मतदार मात्र तेच.

मतदान केंद्रात हे दिसतं. 2017 ला माझ्या पुढे एक आजोबा होते, त्यांनी एक बटण दाबलं आणि निघाले, मशीन काही वाजेना. अधिकाऱ्यांनी परत बोलावलं, "काका, अजून तीन राहिलीत." ते म्हणाले, "मला एकच माणूस माहितीये." वॉर्डातला मतदार होता तो, प्रभागात आला होता. उरलेल्या जागांवर नोटा दाबता येतो, पण दाबावं लागतं.

आरक्षणाचंही तसंच. वॉर्डात सोडतीत महिला आरक्षण निघालं की त्या वॉर्डातल्या पुरुष नगरसेवकाला एकतर बायकोला उभं करा नाहीतर शेजारचा वॉर्ड शोधा. प्रभागात ब गेली तर ड मिळते, त्यामुळे तीच नावं टिकून राहतात. हे मला प्रभागातलं सगळ्यात खटकतं, पण चाळीसेक हजार मतदारांनी निवडलेल्या बाईंना फक्त एका गल्लीचं ऐकून चालत नाही हेही खरं. पोटनिवडणूक तर बघा, चारपैकी एक जागा रिकामी झाली तरी अख्ख्या प्रभागाने मतदान करायचं. मुंबईत असं नाही, तिथं अजूनही एक वॉर्ड एक नगरसेवक. म्हणून 2017 ला गिरगावच्या 220 नंबरच्या वॉर्डात समसमान मतं पडल्यावर एका चिठ्ठीने पूर्ण वॉर्डाचा निकाल लागला.

मग जुन्या वॉर्डाचा इतिहास काढायचा कसा? नंबर धरून तर अजिबात नाही. नंबर उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेला संपवतात, आणि 2017 ला 11 आणि 2021 ला 23 गावं आत आल्यावर सगळी मोजणी सरकली. 2017 ला शनिवार पेठ 15 नंबरच्या प्रभागात सदाशिव पेठेबरोबर होती आणि चारही जागा भाजपला गेल्या, 2026 ला तीच शनिवार पेठ मंडईबरोबर 25 नंबरला.

माणूस धरूनही फसायला होतं. मुक्ता टिळक पेठांमधून 2002 पासून सलग चार वेळा निवडून आल्या, 2017 ला महापौर झाल्या. वाटतं एकच मतदारसंघ सांभाळला, पण 2002 ला तीनचा प्रभाग होता, 2007 ला एकाचा वॉर्ड, 2012 ला दोनचा, 2017 ला चारचा. चार निवडणुका, चार वेगळे नकाशे. त्यांची 2007 ची मतं आणि 2017 ची मतं शेजारी ठेवून लोकप्रियता इतकी वाढली म्हणणं चूक, मतदारच कितीतरी पटीने वाढलेले.

त्यामुळे स्वतःची इमारत धरायची. दर प्रभाग रचनेत उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशी हद्द लिहून येते, अमक्या रस्त्याने, तमक्या नाल्याने. आपली इमारत प्रत्येक वेळी कुठल्या हद्दीत पडली ते बघायचं आणि तेवढेच निकाल जोडायचे. नाल्यावरून हद्द गेली असेल तर पलीकडच्या सोसायटीचा इतिहास त्या सालापासून वेगळा लिहायला घ्यायचा, भले दोघांचा गणपती एकच असो.