एका 'अ'ची चूक आणि मिठाची खाण

घरात मांजर असलेल्यांना ती माती ठाऊक असते. मांजराच्या शी-शूसाठी ट्रेमध्ये पसरायची, ओली झाली की गोळा उचलून टाकायचा. अणुकचरा हाताळणारेही हीच माती वापरतात, कारण पिंपात मोकळा द्रव राहू द्यायचा नसतो. ही माती म्हणजे बेंटोनाइट किंवा झिओलाइटसारखं खनिज. ते पेट घेत नाही.

अमेरिकेतल्या लॉस अलामॉस या अण्वस्त्र प्रयोगशाळेत मात्र कामाच्या लेखी सूचनेत 'असेंद्रिय'च्या जागी 'सेंद्रिय' शोषक असं आलं. मराठीत एका 'अ'चा फरक, इंग्रजीत दोन अक्षरांचा. सूचना पाळली गेली आणि पिंपात गव्हापासून बनवलेली 'माती' पडली. आत आधीपासून होते नायट्रेट क्षार. नायट्रेट म्हणजे ऑक्सिजनचा साठा, गहू म्हणजे जळण. बंदुकीची जुनी काळी दारूही सोरा आणि कोळसा अशाच जोडीवर पेटते. पिंपातली जोडी हळूहळू तापत गेली.

तोवर ते पिंप न्यू मेक्सिकोत कार्ल्सबादजवळच्या 'विप' या भांडारात पोहोचलं होतं. अण्वस्त्रनिर्मितीतला प्लुटोनियमयुक्त कचरा इथे जमिनीखाली 655 मीटरवर, सुमारे 25 कोटी वर्षं जुन्या मिठाच्या थरात ठेवतात. 14 फेब्रुवारी 2014च्या रात्री, सव्वाअकराच्या सुमारास, हवेतला किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राने भोंगा दिला. सुदैवाने खाली कुणी नव्हतं. हवा आपोआप फिल्टरकडे वळवली गेली, पण झडपांच्या फटींतून थोडी निसटलीच. वर काम करणाऱ्या 22 जणांच्या शरीरात किरणोत्साराचा अंश सापडला, मात्रा अगदी कमी. त्याच्या नऊच दिवस आधी खाली मीठ वाहणारा एक ट्रक पेटला होता. म्हणजे एकावर एक दोन दुखणी.

माणसं खाली उतरली ती एप्रिलमध्ये. मे महिन्यातल्या फोटोंत झाकण उचकटलेलं पिंप दिसलं.

आता सफाई. प्लुटोनियमचे कण भिंतीवर, छतावर, जमिनीवर बसलेले. ते झाडायला गेलं तर पुन्हा हवेत उडणार, आणि श्वासातून फुप्फुसात जाणं हाच त्यांचा खरा धोका. मग काढायचं कशाला, जागच्या जागी जखडून टाकू, असं ठरलं. भिंतींवर साध्या पाण्याचा फवारा मारला. पृष्ठभागावरचं मीठ विरघळलं, पाणी सुकताच त्याचे पुन्हा स्फटिक झाले आणि कण त्या पापुद्र्याखाली अडकले. जमिनीवर खाणीतलं जाड कापड अंथरून वर मिठाचा थर दिला. इतकी साधी युक्ती क्वचितच पाहायला मिळते. मला तर या सगळ्या प्रकरणात हीच सर्वांत आवडली.

पण मीठ स्वस्थ बसत नाही. एवढ्या खोलीवर दाबाखाली ते सावकाश सरकतं आणि खोदलेली दालनं मिटवत आणतं. कचरा कायमचा गाडायला हा गुण फारच उपयोगी; दुरुस्ती करणाऱ्यांच्या मात्र जिवावर येणारा. छत खाली येऊ नये म्हणून त्यात लांब बोल्ट ठोकत राहावं लागतं. ते काम आता मुखवटा आणि संरक्षक पोशाख चढवून करायचं, आणि तेही अपुऱ्या हवेत. सगळी हवा फिल्टरमधून जाऊ लागल्याने मिनिटाला सव्वाचार लाख घनफुटांचा प्रवाह साठ हजारांवर आला होता. डिझेलची यंत्रं एका वेळी मोजकीच चालवता येत. ते पिंप असलेलं दालन बंद करून टाकलं. नवा कचरा ठेवायला जानेवारी 2017 उजाडलं. या प्रकरणी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याची न्यू मेक्सिको राज्य सरकारशी झालेली तडजोड 7 कोटी 40 लाख डॉलरची.

गहू घातलेली अशी पिंपं सहाशेहून अधिक होती, काही 'विप'मध्ये, काही टेक्ससमध्ये, तर काही लॉस अलामॉसलाच. लॉस अलामॉसमधली थंडाव्यात जपून ठेवली होती. 2017मध्ये ती उघडून आतल्या ऐवजात पाणी आणि झिओलाइट कालवलं. यावेळी माती असेंद्रिय होती.