मोटारगाडीतील वाढीव वायरिंग : फ्यूज व केबलमधील दोषशोधन

कारखान्यातून बाहेर पडलेल्या मोटारगाडीची वायरिंग ठरावीक भार धरून आखलेली असते. मालकाने नंतर ॲम्प्लिफायर, जादा वॅटचे हेडलाइट, विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र) किंवा दुसरी बॅटरी जोडली की हा हिशेब बिघडतो. फ्यूज वारंवार उडणे, केबल तापणे, गाण्याच्या ठेक्यावर दिवे मंदावणे, ॲम्प्लिफायर मध्येच बंद पडणे अशा तक्रारी त्यातून सुरू होतात.

फ्यूज उपकरणाचे रक्षण करतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात मुख्य केबलवरचा फ्यूज केबलसाठी असतो. तार पेटण्याआधी त्याने वितळावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. त्यामुळे त्याच्या आकड्याची वरची मर्यादा तारेच्या जाडीवरून ठरते. उपकरणाच्या खोक्यावर छापलेल्या वॅटवरून ती ठरवू नये. त्याची जागाही म्हणूनच महत्त्वाची आहे. कार ऑडिओच्या प्रघातानुसार तो बॅटरीच्या धन टोकापासून १८ इंचांच्या (सुमारे ४५ सेंमी.) आत बसवतात. फ्यूज डिकीत ॲम्प्लिफायरशेजारी लावला, तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी केबल बिनसंरक्षणाची राहते. वाटेत ती पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरी त्या ठिकाणी शेकडो अँपिअर ओतते आणि डिकीतला फ्यूज शाबूतच राहतो.

आज सर्वत्र दिसणारा रंगीत ब्लेड फ्यूज लिटलफ्यूज या अमेरिकी कंपनीने १९७६ मध्ये आणला. त्यात लाल रंग १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २० आणि हिरवा ३० अँपिअरचा. त्याहून मोठ्या प्रवाहासाठी बोल्टने आवळायचे मिडी, मेगा व एएनएल फ्यूज वापरतात. २० अँपिअरचा फ्यूज २१ अँपिअरला उडत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. क्षमतेच्या ११० टक्के प्रवाह ब्लेड फ्यूजने किमान १०० तास वाहून नेला पाहिजे, असे मानकच सांगते. १३५ टक्क्यांना त्याला दहा मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. २०० टक्क्यांना मात्र तो पाच सेकंदांच्या आत जातो. फ्यूज शाबूत असूनही केबल हाताला चटका देते, त्यामागे बहुधा प्रवाहाचा हाच मधला टप्पा असतो. सतत चालणारा भार फ्यूजच्या क्षमतेच्या पाऊणपटीत ठेवावा, या शिफारशीचे कारणही हेच.

उडालेला फ्यूज फेकण्याआधी नीट पाहावा. आतली पट्टी मधोमध शांतपणे वितळून तुटली असेल, तर भार थोडा पण बराच वेळ जास्त होता. आतून प्लास्टिक काळवंडून धातूचे शिंतोडे उडाले असतील, तर सरळ शॉर्ट आहे. पट्टी धड, पण पायाजवळचे प्लास्टिक मऊ झालेले किंवा तपकिरी पडलेले असेल, तर दोष जास्त प्रवाहाचा नसून सॉकेटच्या ढिल्या पकडीचा आहे; तिथे नवा फ्यूज घालून काहीच साधत नाही. मोठ्या आकड्याचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालून काम भागवणे हा तर गाडी पेटवण्याचा मार्ग आहे.

शॉर्ट शोधताना एकामागून एक फ्यूज जाळत बसण्यापेक्षा ऑटो इलेक्ट्रिशियनांची जुनी युक्ती चांगली. उपकरण काढून ठेवायचे आणि फ्यूजच्या जागी इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडायचा. तो पूर्ण तेजाने पेटला तर तार कुठेतरी बॉडीला लागली आहे. बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या आसपासच प्रवाह जात असल्याने तार तापत नाही. मग वायरिंग एकेका ठिकाणी हलवत किंवा कनेक्टर सोडवत जायचे. बल्ब विझला की दोषाची जागा सापडली. इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याचे भोक, सीटचे रूळ आणि डिकीची बिजागरी ही घासण्याची नेहमीची ठिकाणे. पत्र्यातून केबल नेताना रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायचे कडे) हवाच.

शॉर्टपेक्षा अवघड दुखणे वाढलेल्या रोधाचे. येथे फ्यूज उडत नाही आणि मल्टीमीटरही फसवतो. दहापैकी नऊ धागे तुटलेली तारसुद्धा भार नसताना मीटरवर पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवते. म्हणून मोजणी भार चालू ठेवूनच करावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर, दुसरे ॲम्प्लिफायरच्या धन टर्मिनलवर ठेवले की जो आकडा येईल तो केबल, फ्यूज व जोडांत वाया गेलेला विद्युतदाब (व्होल्ट). हेच ऋण बाजूलाही करावे. धन बाजूस अर्धा व्होल्ट आणि अर्थिंगला (बॉडीमार्गे परतणाऱ्या ऋण बाजूला) ०.२ व्होल्ट ही ढोबळ मर्यादा समजतात. आकडा जास्त आला तर फ्यूजहोल्डर, लग (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), टर्मिनल असे टप्प्याटप्प्याने मोजत गेल्यास दोषी सांधा उघडा पडतो.

समजा, ॲम्प्लिफायर ९० अँपिअर ओढतो. ४ गेजच्या, म्हणजे सुमारे २१ चौ. मिमी. छेदाच्या पाच मीटर तांब्याच्या केबलमध्ये ०.३७ व्होल्ट पडतात. त्याहून बारीक ८ गेजमध्ये ०.९ व्होल्टच्या वर. एखाद्या जोडात फक्त ०.०१ ओहम रोध असला, तरी तिथे ८१ वॅट उष्णता तयार होते, तीही बोटभर जागेत. स्वस्त ‘किट’मधली केबल पुष्कळदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. तिची वाहकता तांब्याच्या सुमारे दोन-तृतीयांश, आणि जाडी बऱ्याच वेळा निव्वळ प्लास्टिकच्या आवरणाची. केबल सोलून धाग्याचा छेद चंदेरी दिसतो का, हे पाहावे. कथिलाचा मुलामा दिलेले तांबेही वरून चंदेरी दिसते, म्हणून वरचा रंग नव्हे, आतला छेद निर्णायक. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या लगवर हिरवट थर चढतो व रोध वाढतो. अर्थिंगच्या बोल्टखाली रंग खरवडलेला नसणे हे आणखी एक नेहमीचे कारण.

हेडलाइटची गोष्ट वेगळी. एच४ हा हेडलाइटचा हॅलोजन बल्ब मूळचा ६०/५५ वॅटचा. त्याजागी १०० वॅटचे दोन बसवले तर साधारण १६ अँपिअर स्विचच्या बारीक तारांतून जातात. इलाज बॅटरीकडून थेट फ्यूज व रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विद्युत स्विच) लावून वेगळी तार नेण्याचा. जुनी तार मग रिलेच्या ८५ व ८६ या टोकांना केवळ हुकूम देते आणि मुख्य प्रवाह ३० कडून ८७ कडे जातो. बऱ्याच गाड्यांत मूळ ५५ वॅटचे बल्बसुद्धा रिलेमुळे लख्ख होतात, कारण दाब पाच टक्के घसरला तरी हॅलोजनचा उजेड सुमारे १६ टक्क्यांनी उतरतो. १०० वॅटच्या बल्बची गरजच उरत नाही.

नव्या गाड्यांत बॅटरीच्या ऋण टोकावर प्रवाह मोजणारा सेन्सर असतो. ॲम्प्लिफायरची अर्थिंग थेट त्या टोकाला दिली, तर तो प्रवाह सेन्सरला चुकवून जातो आणि बॅटरीच्या भरणाचा अंदाज चुकून स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू करणारी) यंत्रणा बिघडल्यासारखी वागते. अर्थिंग सेन्सरच्या पलीकडे, बॉडीवर द्यावी लागते. हायब्रिड व विद्युत मोटारींतील नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात. वरील कोणतीही पद्धत त्यांना लागू नाही.