यवतेश्वरच्या उतारावर बंद होणारी इंजिनं

सकाळी सातच्या सुमारास यवतेश्वरच्या घाटात थोडा वेळ उभं राहिलं तर एक गोष्ट कानाला जाणवते. साताऱ्याहून वर चढणाऱ्या गाड्यांचा आवाज दोन वळणं आधीच येतो. उतरणाऱ्या दुचाकी मात्र अगदी शेजारून जाईपर्यंत कळत नाहीत. इंजिन बंद, फक्त चेनची खरखर आणि दोन्ही बाजूंना लटकलेल्या दुधाच्या किटल्यांचा खडखडाट. समर्थ मंदिराजवळ सपाट रस्ता लागला की गाडी पुन्हा सुरू होते. कास पठाराच्या बाजूच्या गावांतून रोज खाली येणाऱ्यांची ही रीत आहे, आणि कारण विचारलं तर उत्तर एकच मिळतं: ‘पेट्रोल किती झालंय बघा की.’

पेट्रोल महागलं की लोक गाडी कमी चालवतात, असं आपण धरून चालतो. डोंगराच्या कडेच्या गावांत ते खरं ठरत नाही. दूध डेअरीला घालायचंच असतं, कॉलेज आणि दवाखाना साताऱ्यात असतो, एमआयडीसीतली पाळी चुकवून चालत नाही. फेऱ्या तेवढ्याच राहतात. महागाई मुरते ती गाडी हाकण्याच्या पद्धतीत, पेट्रोल भरण्याच्या पद्धतीत आणि मागच्या सीटवर कोण बसतं यात. अशा सवयी एकदा लागल्या की भाव स्थिरावला तरी सुटत नाहीत, गाडी बदलली तरी सुटत नाहीत. उतारावर इंजिन बंद करण्याची सवय त्यातली सगळ्यात जुनी, आणि माझ्या मते आज सगळ्यात घातक.

तिची सुरुवात शोधायची तर १९७३ पर्यंत मागे जावं लागतं. त्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्च्या तेलाचं पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेलं. दिल्लीत अटलबिहारी वाजपेयी पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ बैलगाडीतून संसदेत गेले ते याच काळात. पुढच्या दोन-तीन वर्षांत एस्सो आणि बर्मा शेल या परदेशी कंपन्यांचा इथला कारभार सरकारने ताब्यात घेतला. आजच्या हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम त्यातूनच उभ्या राहिल्या. १९७८ मध्ये इंधन बचतीसाठी पीसीआरए ही सरकारी संस्था निघाली. सिग्नलला इंजिन बंद करा, टायरमध्ये हवा बरोबर ठेवा, वेग आवरा, हे सांगणारे फलक पंपांवर लागले. सिग्नलला इंजिन बंद करण्याचा सल्ला योग्यच होता. साताऱ्यात सिग्नल नव्हते, घाट होते. लोकांनी तो सल्ला घाटाला लावला.

नेमक्या त्याच वर्षांत साताऱ्याला स्वतःची स्कूटर मिळाली. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून १९७५ मध्ये महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी काढली आणि साताऱ्यातल्या कारखान्यातून ‘प्रिया’ बाहेर पडू लागली. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहण्याचे ते दिवस. आमच्या घरी प्रिया होती, राखाडी रंगाची, आणि वडिलांचं तिच्याशी वागणं मला अजून आठवतं. डाव्या बाजूला कलंडून ठेवल्याशिवाय ती सकाळी सुरू व्हायची नाही. रिझर्व्हला लागली की ते कॉक फिरवायचे आणि मनातल्या मनात किलोमीटर मोजत पोवई नाक्यापर्यंत आणायचे. रिझर्व्हही संपलं, तर गाडी आडवी करून टाकीच्या कोपऱ्यातलं उरलंसुरलं पेट्रोल कार्बोरेटरकडे वळवायचं. सज्जनगडावरून उतरताना ते क्लच दाबून धरायचे आणि एखाद-दुसऱ्या वळणानंतर ॲक्सिलरेटरला हलका पीळ द्यायचे.

तेव्हा वाटायचं, हे सगळं पेट्रोल वाचवण्यासाठी. पुढे एका जुन्या मेकॅनिकने खरं कारण सांगितलं. प्रिया टू-स्ट्रोक होती. त्या इंजिनात वंगण वेगळं नसतं. पेट्रोलमध्ये जे टू-टी ऑइल मिसळलेलं असतं तेच पिस्टनला मिळतं. पंपावर पेट्रोलसोबत मापाने ऑइल घालून घ्यायचं ते त्यासाठीच. आता लांब उतारावर ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी गिअरमध्ये ठेवली, तर इंजिन चाकांच्या जोरावर भरभर फिरत राहतं, पण पेट्रोल जवळजवळ येत नाही, म्हणजे ऑइलही येत नाही. इंजिन तापून सीझ होण्याची, म्हणजे आतून जाम होण्याची भीती असते. म्हणून क्लच दाबायचा आणि मधूनमधून थोडं पेट्रोल द्यायचं. त्या काळच्या माणसांची ती रीत गाडीच्या रचनेला धरून होती. इंधन वाचतं हा त्यातला जोडफायदा. पुढच्या पिढीने जोडफायदा तेवढा लक्षात ठेवला आणि कारण विसरली.

पेट्रोल भरण्याची सवय वेगळ्या वाटेने बदलली. १ एप्रिल २००२ पर्यंत इंधनाचे भाव अधिकृतपणे सरकार ठरवायचं, आणि त्यानंतरही त्यांच्यावर सरकारचा हात राहिला. भाव क्वचित वाढायचा, पण वाढला की एकदम वाढायचा, आणि बातमी रेडिओवर यायची: आज मध्यरात्रीपासून. मग रात्री दहा-अकराला पंपावर रांगा लागायच्या. शेजारच्या तीन घरांच्या गाड्या एकच पोरगा ढकलत नेऊन टाक्या फुल्ल करून आणायचा. १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसल्यानंतरची दरवाढ बऱ्याच घरांत अशा रांगेच्या रूपानेच आठवते. तेव्हा पेट्रोल लिटरमध्ये मागायचे, ‘दोन लिटर टाक.’

जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे. मधल्या चार वर्षांत दोन्हींच्या भावातली दरी इतकी रुंदावली की देशात विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक मोटारी डिझेलच्या होत्या. दरी मिटली तशी ती लाटही ओसरली. १६ जून २०१७ पासून भाव रोज सकाळी सहाला बदलू लागला. मध्यरात्रीची रांग त्या दिवशी संपली, आणि माझ्या मते तिच्यासोबत दरवाढीवरचा रागही विरला. एकदम तीन रुपये वाढले तर मोर्चा निघायचा. रोजच्या तीस पैशांवर कोण मोर्चा काढणार? आता पंपावर लिटर ऐकूच येत नाही. ‘शंभरचं टाका’, ‘दोनशेचं टाका.’ खर्च शंभरच राहतो, टाकीत पडणारं पेट्रोल कमी होत जातं, आणि पंपाची फेरी दोन दिवस आधी येते. २००२ पूर्वी शंभरात तीन लिटरहून जास्त यायचं. मे २०२१ च्या शेवटी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, परभणीने त्याआधीच ओलांडली होती, आणि शंभरच्या नोटेत पूर्ण लिटर बसेनासं झालं.

या भावात कच्च्या तेलाइतकाच करांचाही वाटा आहे, हे इथे सांगायलाच हवं. कोरोनात जगभर तेल मातीमोल झालं तेव्हा ग्राहकाला स्वस्ताई मिळाली नाही. मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपये कर एकदम वाढवला. त्याआधी २०१५ मध्ये राज्याने दुष्काळासाठी लिटरमागे दोन रुपये लावले होते. माण, खटाव, जत, आटपाडीच्या माणसाने टँकरच्या रांगेत उभं राहून तो दुष्काळाचा करही भरला. कर्नाटकात भाव बराच कमी असायचा तेव्हा मिरजेकडचे लोक सीमेपलीकडच्या कागवाडच्या बाजूला गेले की टाकी भरून घ्यायचे, आणि बंगळूरला निघालेला ट्रकवाला सीमेवरच्या कागलपर्यंत पुरेल एवढंच डिझेल साताऱ्यात घ्यायचा.

सवयींना सगळ्यात मोठा धक्का दिला तो २०२१-२२ च्या हिवाळ्याने. ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिलपर्यंत चालला. नेमकं तेव्हाच पेट्रोल मुंबईत ११५ रुपयांच्या वर होतं, साताऱ्यात त्याच्या आसपास. दिवाळीला केंद्राने पाच रुपये कमी केले. पाच राज्यांच्या निवडणुकांत साडेचार महिने भाव हललाच नाही, आणि २२ मार्च ते ६ एप्रिल या पंधरवड्यात दहा रुपयांनी वाढला. मुंबईत १२० रुपये ५१ पैसे. ज्या महिन्यांत गाडी परवडत नव्हती, त्याच महिन्यांत एसटी नव्हती. मेढा, कोरेगाव, पाटणकडच्या रस्त्यांवर वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी जीपला मागे लटकून माणसं जात होती. एकाच मोटरसायकलवर गावातली दोन कॉलेजची पोरं आणि एक कामगार असे तिघं बसायचे, पेट्रोलचे पैसे तिघांत वाटून घ्यायचे. ती वाटणी टिकली. आमच्या गल्लीतले दोन शिक्षक अजूनही आळीपाळीने एकमेकांची गाडी काढतात. नंतर करकपातीने भाव उतरून मुंबईत १०६ च्या आसपास स्थिरावला, मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि नवऱ्याच्या गाडीवर मागे बसून बाजाराला येणाऱ्या कितीतरी बायका आता एकट्या एसटीने येतात. माझ्या नजरेला या सगळ्या काळातला सगळ्यात चांगला बदल तोच.

मिरजेचा उल्लेख आणखी एका कारणाने करायला हवा. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा देशातला पहिला प्रयोग २००१ मध्ये ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यात मिरज आणि मनमाड होतं. २०२५ मध्ये हे मिश्रण देशभर वीस टक्क्यांवर गेलं. कृष्णाकाठच्या उसाला त्यातून बाजार मिळाला. मात्र लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडं घटतं. जुन्या दुचाकींसाठी नीती आयोगाच्या अहवालाने तीन-चार टक्के घट धरली होती. ‘गाडी पहिल्यासारखी देत नाही’ ही तक्रार म्हणजे नुसता मनाचा खेळ नाही. आणि अॅव्हरेज घटलं की माणूस पुन्हा उतारावर चावी फिरवायला लागतो.

आता त्या चावीकडे येतो. कार्बोरेटरच्या गाडीत उतारावर इंजिन चालू ठेवलं तर थोडंफार पेट्रोल जायचंच. मोटारींमध्ये २००० च्या सुमारास आणि बहुतेक दुचाकींमध्ये १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमांनंतर फ्युएल इंजेक्शन, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. या गाड्यांत उताराला गिअर टाकलेला असेल आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असेल, तर पेट्रोलचा पुरवठा गाडी स्वतःच तोडते. खर्च शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून उतरलात तर उलट पेट्रोल जळतं, कारण इंजिन जिवंत ठेवायला ते लागतं. लहान मोटारीला तासाला अर्धा-पाऊण लिटर. म्हणजे गिअरमध्ये उतरलं तर इंजिन बंद करून वाचवायला काही उरतच नाही.

आणि जातं काय, तर ब्रेक. मोटारीच्या ब्रेकला जोर मिळतो तो चालू इंजिनातल्या व्हॅक्यूममधून. इंजिन बंद झालं की साठलेल्या जोरावर दोन-तीनदा ब्रेक लागतो, मग पेडल दगडासारखं होतं. स्टिअरिंग जड होतं. ट्रकमध्ये हवेचा दाब उतरत जातो. खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून पुण्याकडे उतरताना एस वळणावर तो पुरा पडला नाही तर पुढे वाव नाही. वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात मी हे एकदा मागच्या सीटवर बसून पाहिलं आहे. काकांनी वरूनच मोटार बंद केली होती. समोरून एसटी चढत आली, काकांनी ब्रेक दाबला, तो दबला नाही. हँडब्रेक ओढत त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घासली. काच फुटली, कुणाला लागलं नाही. वीस मिनिटांच्या त्या उतारात वाचणारं पेट्रोल पाव लिटरही नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात समर्थ मंदिरापाशी एका दूधवाल्याला हे सांगितलं. गाडी नवीच होती, इंजेक्शनची. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मग म्हणाला, ‘आमच्या वडिलांची एम-एट्टी होती. ते असंच उतरायचे, मी मागं बसायचो.’ आम्ही गाडी थोडी वर चढवली आणि दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून खाली आणली. किटल्या भरलेल्या होत्या, तरी वेग आपसूक धरून राहिला. ब्रेक दोनदाच लावावा लागला, हे त्याच्या पहिल्यांदा लक्षात आलं.